मीठ : धोके आणि उपाययोजना

प्रयोगशाळेसाठी सोडियम क्लोराइडची अर्ध्या किलोची बाटली मागवली की तिच्यासोबत एक कागद येतो. कागद म्हणायचं इतकंच, पानं सात-आठ असतात. पूर्वी त्याला 'मटेरियल सेफ्टी डेटा शीट' म्हणत. पुढे त्यातलं मटेरियल गेलं आणि सेफ्टी तेवढी राहिली. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी रसायनांच्या वर्गीकरणाची जगभरासाठी एकच पद्धत घालून दिली, आणि या कागदाची प्रकरणं सोळा ठरली. पदार्थ सायनाइड असो, सल्फ्युरिक ॲसिड असो नाहीतर मीठ असो, सोळा म्हणजे सोळा. सत्यनारायण पाच अध्यायांत आटोपतो, आणि तिथे निदान एक जहाज तरी बुडतं.

मिठाच्या कागदाचं दुसरं प्रकरण म्हणतं, हा पदार्थ धोकादायक वर्गात मोडत नाही. कोणताही समंजस लेखक इथे थांबला असता. पण पुढची चौदा प्रकरणं वरून ठरून आलेली असल्यामुळे, जो धोका नाही त्याच्यापासून बचाव कसा करायचा हे सविस्तर सांगणं भाग असतं. हे ज्याला लिहावं लागतं त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. तीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या पेपरांत 'थोडक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नाला चार-चार पुरवण्या जोडलेल्या पाहिल्या आहेत; ती कला वाया जात नाही, तिला बाजारात मागणी आहे, हे या कागदांनी मला पटवून दिलं.

चौथं प्रकरण प्रथमोपचाराचं. मीठ श्वासावाटे आत गेलं तर व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावं. कातडीला लागलं तर भरपूर पाण्याने धुवावं. पोटात गेलं तर चूळ भरावी, आणि बरं वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन हा कागद त्यांना दाखवावा. हा प्रसंग आमच्या गावच्या डॉक्टरांपुढे मी मनातल्या मनात पुष्कळदा उभा करून पाहिला आहे.

"काय होतंय?"

"मीठ पोटात गेलं."

"कधी?"

"दुपारी. जेवताना."

यापुढे डॉक्टर काय म्हणतील ते छापण्याजोगं नाही, कारण ते माझ्या ओळखीचे आहेत.

डोळ्यात मीठ गेलं तर पाण्याने डोळा धुवावा, असंही तिथे आहे. योग्यच आहे. फक्त दवाखान्यात डोळा धुतात तेव्हा बऱ्याचदा सलाइन वापरतात, आणि सलाइन म्हणजे लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम सोडियम क्लोराइड. आगीच्या प्रकरणातही हाच घोळ आहे. मीठ जळत नाही. ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, तेही मोठ्या नाखुशीने. तरी अग्निशामक जवानांनी श्वसनयंत्र लावूनच आत जावं, असा सल्ला असतो. आता गंमत बघा, सोडियम किंवा मॅग्नेशियम या धातूंना आग लागली तर पाणी मारून चालत नाही, तिथे खास कोरडी पावडर फवारावी लागते. आणि अशा एका पावडरीत मुख्य घटक असतो तो मीठच. म्हणजे ज्या आरोपीसाठी बंब बोलावला, तोच बंबात बसून आला.

हातमोज्यांचा मजकूर मी वर्गात वाचून दाखवतो. नायट्राइल रबराचे हातमोजे, जाडी किमान ०.११ मिलिमीटर, पदार्थ आरपार येण्यास लागणारा वेळ ४८० मिनिटं. ४८० मिनिटं म्हणजे बरोबर आठ तास. मीठ कारखान्याची पाळी संपेपर्यंत थांबतं, हा त्याचा चांगुलपणा. उरणला, पेणला, भांडुपला मिठागरांत पिढ्यान्पिढ्या माणसं अनवाणी पायांनी खाऱ्या पाण्यात उभी राहिली, तळपाय फुटले, उन्हात चकाकणाऱ्या पांढऱ्या ढिगांनी डोळे गेले, ०.११ मिलिमीटर त्यांच्यापर्यंत कधी पोचलं नाही. कागद पोचला तो आमच्यापर्यंत, जिथे एक विद्यार्थी चिमूटभर मीठ परीक्षानळीत टाकतो आणि मग दोन बोटं शर्टाला पुसतो.

सांडलं तर काय करायचं, हे सहाव्या प्रकरणात. धूळ उडू न देता गोळा करावं, झाकणाच्या डब्यात भरावं, जागा हवेशीर ठेवावी. आमच्या आजीचा नियम याहून कडक होता. सांडलेलं मीठ मेल्यावर डोळ्यांच्या पापण्यांनी वेचावं लागतं, असं ती सांगे. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत शिक्षेची तरतूदच नाही, त्यामुळे तिचा धाक बसत नाही. आजीच्या घरी मी मूठभरही मीठ सांडलेलं पाहिलं नाही.

खरं तर आजीचं स्वतःचं एक पूर्ण माहितीपत्रक होतं, फक्त ते तोंडी असल्यामुळे फाइलला लागलं नाही. मीठ कोणाच्या हातावर द्यायचं नाही, खाली ठेवायचं, दुसऱ्याने उचलून घ्यायचं. म्हणजे प्रत्यक्ष संपर्क टाळावा. तिन्हीसांजेला मीठ उसनं द्यायचं नाही. म्हणजे भांडाराच्या वेळा पाळाव्यात. ओल्या हाताने बरणीत हात घालायचा नाही. बरणी चिनी मातीची, चमचा लाकडी. स्टीलचा चालायचा नाही. क्लोराइडमुळे चांगल्या स्टेनलेस स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडतात हे मी पुढे एमएस्सीला परीक्षेपुरतं पाठ केलं. आजीला ते चमच्यानेच सांगितलं होतं. आणि कोणाला दृष्ट लागली की मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची आणि किती तडतडतंय त्यावरून दृष्ट किती जबरी होती याचा निवाडा करायची. मिठाच्या खड्यांत अडकलेलं पाणी तापून बाहेर पडताना खडा फुटतो, म्हणून तो आवाज. बारावीच्या प्रात्यक्षिकात अज्ञात क्षार कोरड्या नळीत तापवून तडतड ऐकायची असते, आणि जर्नलमध्ये तसं निरीक्षण लिहायचं असतं. आजीच्या निष्कर्षाच्या रकान्यात शेजारच्या बाईंचं नाव असे, एवढाच फरक.

साठवणुकीचं प्रकरण मात्र कोकणात राहणाऱ्या माणसाने उभं राहून वाचावं. 'घट्ट झाकण लावून थंड, कोरड्या जागी ठेवावे.' हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठदेखील हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतःच विरघळायला लागतं. खड्याचं मीठ तर त्याच्या कितीतरी आधी पाझरतं, कारण त्यात समुद्रातून सोबत आलेलं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि त्याला पाण्याची हाव जास्त. आमच्याकडे जून उजाडला की ७५ टक्के हा आकडा खाली कुठेतरी राहून जातो. भिंतीला बुरशी, बुटाला बुरशी, जर्नलांची पानं एकमेकांना चिकटलेली. अशा दिवसांत कोरड्या अशा दोनच गोष्टी मिळतात, एक डेसिकेटर आणि दुसरं प्राचार्यांचं भाषण. डेसिकेटरमधलं सिलिका जेलही जुलैपर्यंत निळ्याचं गुलाबी होऊन बसलेलं असतं.

त्या निळ्या रंगाचीही एक कथा आहे. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा. पाणी शोषलं की गुलाबी होतो, म्हणून खूण म्हणून जेलमध्ये घालतात. आणि कोबाल्ट क्लोराइड कर्करोगकारक मानलं जातं. म्हणजे बिचाऱ्या मिठाला सर्दी होऊ नये म्हणून आम्ही त्याच्या उशाशी खऱ्या अर्थाने घातक असा पदार्थ ठेवत आलो, आणि त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण तो दिसायला छान होता. आता कोबाल्ट नसलेलं नारिंगी जेल मिळतं. आमच्या मामांना ते आवडत नाही. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. त्यांचं नाव हजेरीपत्रकाखेरीज कुठे उच्चारलं गेल्याचं मला आठवत नाही. "निळं असलं की सर, बघून बरं वाटायचं," म्हणतात.

घरी हा प्रश्न मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकून सुटतो. पिशवीतल्या बारीक मिठात कंपनीवाले त्यासाठी कधी सिलिका घालतात, कधी अगदी किंचित पोटॅशियम फेरोसायनाइड. नाव ऐकून घास अडकावा असंच आहे, पण त्यातलं सायनाइड लोखंडाने असं पकडून ठेवलेलं असतं की ते सहजी सुटत नाही, आणि कायद्याने ठरवलेलं प्रमाणही अत्यल्प असतं. ही माहिती मी एकदा जेवताना दिली होती. तेव्हापासून पाहुणे असताना रसायनशास्त्र बोलायचं नाही, असा घरात ठराव झालेला आहे.

प्रयोगशाळेतल्या मिठाच्या बाटलीवर, अगदी खाली, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे खाण्यासाठी नाही. विद्यार्थी इथे नेहमी अडवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. खाण्याच्या मिठात कायद्याने किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असलं की भागतं. आमच्या बाटलीतलं ९९.५ किंवा त्याहून वर. शिवाय ब्रोमाइड किती, सल्फेट किती, लोह किती, शिसं किती, सगळ्या दोषांची यादी लेबलावर जाहीर छापलेली. किमतीलाही ते वाण्याकडच्या मिठाच्या कितीतरी पट महाग. इतकं शुद्ध आणि इतकं महाग, ते खायचं नाही आणि ९६ टक्क्यांचं खायचं, हा कुठला न्याय?

न्याय असा, की दोष त्या मिठात नाही, त्याच्या संगतीत आहे. कारखान्यातून निघालं तेव्हा ते सज्जन होतं. पण आमच्याकडे आल्यावर त्या बाटलीत कोणकोणते चमचे बुडाले ते देवालाच माहीत. बेरियम क्लोराइडमधून निघालेला चमचा, लेड नायट्रेटमधून निघालेला चमचा, आणि पुसला म्हणणाऱ्याच्या शपथा. म्हणून एक नियम मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो, की बाटलीतून काढलेलं परत बाटलीत टाकायचं नाही. जास्त निघालं तर फेकून द्यायचं. आणि दरवर्षी पहिल्या तासाला मामा मागून म्हणतात, "मीठ फेकायचं नसतं, सर." विज्ञान आणि संस्कृती यांचा संघर्ष ज्यांना व्याख्यानमालांतून ऐकायला जावं लागतं त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत यावं. सध्या तडजोड म्हणून मामांनी खिडकीत एक श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला आहे. उरलेलं मीठ त्यात जातं. त्याच्यावर लेबल हवं असा मी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी बॉलपेनाने लिहिलं: 'मीठ (आपलं नव्हे)'.

हे लेबल कोणत्याही आंतरराष्ट्रीय पद्धतीत बसत नाही, तरी मी ते बदललेलं नाही. पांढरी पावडर ही जगातली सर्वांत दगाबाज गोष्ट आहे, आणि मिठाचा मोठा दोष हा की ते कोणासारखंही दिसतं. इंग्रजी आद्याक्षरांनी बाटल्या लावायची आवड असणाऱ्यांच्या कपाटात सोडियम क्लोराइडच्या एका बाजूला सोडियम क्लोरेट बसतं आणि त्याच रांगेत दोन बाटल्या पुढे सोडियम सायनाइड. क्लोराइड आणि क्लोरेट यांत लिहिताना एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक. एक आमटीत जातं, दुसरं तणनाशकात, आणि साखरेत मिसळून पेटवलं तर छपरात. म्हणून शहाण्या प्रयोगशाळेत बाटल्या गुणधर्माप्रमाणे लावतात, नावाप्रमाणे नाही. आमच्या कपाटाला ही रीत लागू करायला गेलो तेव्हा मामांनी विचारलं होतं, "मग सापडायचं कसं?" प्रश्न रास्त होता.

न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर १९४४ मध्ये एका स्वस्तातल्या खाणावळीत सकाळी ओटमील खाल्लेले अकरा म्हातारे पुरुष निळे पडले. खरोखर निळे, ओठ, बोटं, कान, सगळं. आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी माग काढत नेला तो स्वयंपाकघरात. तिथे मांस टिकवण्यासाठी सोडियम नायट्राइट ठेवलेलं होतं, मिठाजवळच, आणि आचाऱ्याने मीठ समजून तेच वापरलं. नायट्राइटमुळे रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. दहा जण वाचले, एक गेला. बर्टन रूशे नावाच्या पत्रकाराने त्यावर लिहिलेला 'इलेव्हन ब्लू मेन' हा लेख पुढे गाजला. सबंध सोळा प्रकरणांच्या कागदातून मला विद्यार्थ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घालायची असेल तर ती ही. मिठाला घाबरू नका, मिठासारख्या दिसणाऱ्याला घाबरा. पण होतं असं की मिठाचा कागद आणि सायनाइडचा कागद एकाच साच्यातून निघाल्यामुळे लांबून सारखेच दिसतात. तीच सोळा प्रकरणं, तोच गॉगल, तेच 'भरपूर पाण्याने धुवावे'. मुलगा मिठाचा कागद वाचतो, हसतो, आणि पुढचा वाचतच नाही. पुढचा सायनाइडचा असतो.

चव घेऊन क्षार ओळखणारा एक विद्यार्थी प्रत्येक तुकडीत निपजतो. त्याला बजावायचं असतं की बाबा रे, लेड ॲसिटेट गोड लागतं, आणि ती गोडी फार महागात पडते. पण तो हुशार असेल तर उलट विचारतो की मग सॅकरिन कसं सापडलं? इथे शिक्षकाची पंचाईत होते. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग हात न धुता घरी जेवायला गेले, पाव गोड लागला, आणि सॅकरिन सापडलं. १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा प्रयोगशाळेत सिगारेट ओढत होते, ती गोड लागली, सायक्लामेट. १९६५ साली जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलायला बोट चाटलं, ॲस्पार्टेम. आणि १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस या आपल्या माणसाला प्राध्यापक लेस्ली हफ यांनी एक संयुग टेस्ट करायला सांगितलं, ते त्यांनी चव घ्यायला सांगितलं असं ऐकलं, आणि साखरेच्या सहाशे पट गोड असं सुक्रालोज जगाला मिळालं. मराठीत दोन्ही शब्द 'टेस्ट' असेच लिहितात, तेव्हा आपल्याकडून तरी फडणीसांना दोष देता येत नाही. एकूण काय, मधुमेह्यांच्या चहातला सगळा गोडवा प्रयोगशाळेतल्या बेशिस्तीतून आला आहे. मी वर्गात हे सांगतो आणि लगेच पुढे सांगतो की ज्यांनी बोट चाटलं आणि काही सापडलं नाही, त्यांची नावं पुस्तकात येत नाहीत.

आता दुसरी बाजू. प्रयोगशाळेत मिठापासून माणसाला जितका उपद्रव होतो त्याच्या शंभरपट उपद्रव माणसाकडून प्रयोगाला होतो, तो मिठाच्या मार्फत. ज्योत-परीक्षेत पोटॅशियमची जांभळी ज्योत यायला हवी तिथे येते ढळढळीत पिवळी, कारण विद्यार्थ्याने प्लॅटिनमची तार घामट बोटांनी धरलेली असते. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० साली साठ घनमीटरच्या खोलीच्या एका कोपऱ्यात तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर उडवून दिलं, दुसऱ्या टोकाला ज्योत आणि वर्णपटदर्शक. थोड्या वेळात पिवळी रेषा उमटली. त्यांच्या हिशेबाने मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियमसुद्धा डोळ्याला दिसलं. आमची प्रयोगशाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वारा पश्चिमेचा. खिडक्या उघड्या. आमच्याकडे कॅल्शियमही पिवळं, स्ट्रॉन्शियमही पिवळं. बाहेरचे परीक्षक घाटावरून आलेले असले की रागावतात.

कागदाचं बारावं-तेरावं प्रकरण म्हणजे पर्यावरण आणि विल्हेवाट. 'पदार्थ गटारात वा जलस्रोतात जाऊ देऊ नये,' असं काही कागदांवर असतं. आमचं बेसिन गटाराला मिळतं, गटार खाडीला, खाडी समुद्राला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम क्षार, त्यात बहुतांश हाच. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, समुद्राला हे माहितीय?"

अकराव्या प्रकरणात उंदीर आहे. तोंडावाटे दिल्यास निम्मे उंदीर दगावतील अशी मात्रा, वजनाच्या दर किलोला ३,००० मिलिग्रॅम. पाव किलोच्या उंदराला पाऊण ग्रॅम. आपल्याला मिठाने जे होतं ते उंदरासारखं एका दिवसात होत नाही, सवडीने होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते. लोणचं, पापड, सांडगी मिरची आणि वर 'जरा मीठ दे गं' असं जेवणाऱ्या माणसाची बेरीज मी करायला बसत नाही, कारण तो माणूस माझ्या घरात राहतो आणि माझ्याच नावावर रेशनकार्ड आहे. पण गॉगल, हातमोजे, मुखवटा, सगळं सांगणाऱ्या त्या सोळा प्रकरणांत रक्तदाब हा शब्द मला एकदाही भेटलेला नाही. प्रयोगशाळेतलं मीठ कुणी खात नाही, त्यामुळे तो कागद निर्दोष आहे. खाल्लं जातं त्या मिठाच्या पिशवीसोबत कुठलाच कागद येत नाही.

मध्यंतरी आमच्याकडे बाहेरून सुरक्षा तपासणीसाठी एक समिती आली. नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या सर्वांत वरच्या फळीवर होत्या. ॲसिड नेहमी डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावं, म्हणजे पडलंच तर तोंडावर पडत नाही; ते मी आधीच दोनदा लेखी कळवलं होतं आणि कपाटाची मागणी मंजुरीसाठी वर गेलेली होती. समितीने वर पाहिलं नाही, मान दुखते. समितीने फाइल मागितली. फाइलमध्ये चौऱ्याऐंशी पदार्थांचे कागद होते, सोडियम क्लोराइडचा नव्हता. तो वर्गात वाचून दाखवण्यासाठी माझ्या टेबलावर होता. शेरा पडला, 'सोडियम क्लोराइडच्या सुरक्षिततेबाबत उदासीनता.' आणि त्याच तपासणीत त्यांच्या लक्षात आलं की बाटलीची मुदतही संपलेली आहे.

मिठाची मुदत! पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतलं सैंधव पन्नास कोटी वर्षांहून जुनं आहे. डायनोसॉर आले आणि गेले, ते तसंच होतं. पण बाटलीवर छापलेलं होतं मार्च, आणि आता एप्रिल चालू होता. मुदतबाह्य माल नोंदवहीतून काढायचा तर निर्लेखन समिती लागते. समितीत भौतिकशास्त्राचे सर, कार्यालयातले हेडक्लार्क आणि मी. एक अर्ज तीन प्रतींत. त्यात रकाना होता, 'विल्हेवाटीची पद्धत'. गटारात टाकायचं नाही, हे तेराव्या प्रकरणात. जमिनीत पुरायचं तर नारळाला चालेल की नाही यावर हेडक्लार्क आणि मामा यांच्यात मतभेद. जाळता येत नाही. वापरायचं तर मुदत संपलेली.

तोडगा मामांनीच काढला. त्यांच्या घरी आइस्क्रीमचा जुना लाकडी पॉट होता, हाताने फिरवायचा. बर्फात मीठ घातलं की मिश्रणाचं तापमान उणे एकवीसपर्यंत उतरतं. शंभर भाग बर्फाला तीस भाग मीठ, म्हणजे आमच्या अर्ध्या किलोला दीड-पावणेदोन किलो बर्फ. मीठ डब्याच्या बाहेर राहतं, आइस्क्रीमला शिवत नाही. प्रयोगशाळेत खाऊ नये हा नियम मोडू नये म्हणून सगळा कार्यक्रम ग्रंथालयाच्या मागच्या ओसरीवर झाला. हापूस भौतिकशास्त्राच्या सरांच्या बागेतला. दांडा अकरावीच्या मुलांनी आळीपाळीने फिरवला, आणि मी गोठणबिंदू का उतरतो ते समजावून सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं, पण तास झाला. हेडक्लार्कांनी तिन्ही प्रतींत एकाच हस्ताक्षरात लिहिलं, 'सदर पदार्थ प्रात्यक्षिकात पूर्णपणे खर्ची पडला. अवशेष शिल्लक नाही.'

सह्या झाल्या. भौतिकशास्त्राच्या सरांनी वाटी पुसून घेतली आणि मला बाजूला बोलावलं.

"कॅल्शियम क्लोराइडने उणे पन्नासपर्यंत जातं म्हणे," ते म्हणाले. "त्याची मुदत कधी संपते?"